बॉनेटखालचं कुलूप

आपल्या मराठीत गाडीचं काम कोणी 'करत' नाही, 'करून घेतो'. ऑईल बदलून घेतो, ब्रेक बघून घेतो, एसीत गॅस भरून घेतो. गॅरेजवाला ओळखीचा असतो, चहा पाजतो, आणि "साहेब, संध्याकाळी न्या" म्हणतो. त्यामुळे माझ्या स्पोर्ट्स कारचं ऑईल, प्लग, ब्रेक पॅड हे सगळं मी इथे अमेरिकेत घरच्या घरी बदलतो असं सांगितलं, की पुण्यातल्या मित्रांच्या मनात दोन प्रश्न एकदम येतात. पहिला (हा मनातच राहतो), "पगार पुरत नाही का रे?" आणि दुसरा, "पण आजकालच्या गाड्यांमध्ये असं काही करता येतं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. इथे डीलरकडे मजुरीच तासाला शंभर डॉलरच्या वर पडते, आणि गाडीला 'स्पोर्ट्स' हे विशेषण लागलं की आकडा आणखी फुगतो. चांगला टॉर्क रेंच, एक जॅक, दोन स्टँड आणि पान्यांचा एक सेट एवढा खर्च दोन-तीन कामांत वसूल होतो.

दुसरा प्रश्न मात्र फार चांगला आहे. त्याचं उत्तर "येतं, पण..." असं आहे, आणि त्या 'पण'ला साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे. आजचा लेख त्या 'पण'वर.

सुरुवात इंग्लंडमध्ये करू. १९२२ ते १९३९ या काळात तिथे ऑस्टिन सेव्हन नावाची एक छोटी, स्वस्त गाडी निघायची. जवळजवळ तीन लाख गाड्या निघाल्या. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा या जुन्या गाड्या अगदी कवडीमोलाने मिळत होत्या. खिसा रिकामा पण वेगाची हौस दांडगी अशी तरुण पोरं त्या विकत घ्यायची, वरची बॉडी काढून फेकायची, आणि खालच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याची स्वतःची स्पोर्ट्स कार बांधायची. अशा गाडीला 'स्पेशल' म्हणत. १९४८ मध्ये कॉलिन चॅपमन नावाच्या एका तरुणाने अशीच एक स्पेशल बांधली. ती पहिली लोटस. तिकडे न्यूझीलंडमध्ये ब्रूस मॅक्लारेन नावाच्या मुलाने वडिलांबरोबर एक ऑस्टिन सेव्हन दुरुस्त केली आणि तिच्यावरच शर्यतींचा श्रीगणेशा केला. म्हणजे आज ज्या नावांच्या गाड्यांना हात लावायची आपली छाती होत नाही, ती नावं मुळात घरी पाने फिरवणाऱ्या पोरांची आहेत.

पुढे चॅपमनने १९५७ मध्ये लोटस सेव्हन आणली. ही गाडी तयार घेता यायची, आणि सुट्या भागांच्या रूपातही. सुट्या भागांत का? तर ब्रिटनमध्ये तेव्हा तयार गाडीवर 'पर्चेस टॅक्स' होता आणि सुट्या भागांवर तो लागत नसे. घरी आणा, जोडा, कर वाचवा. सरकारही काही खुळं नव्हतं. सुट्या भागांबरोबर जोडणीच्या सूचना दिल्या तर ती गाडीच धरली जाईल, असा नियम होता. यावर लोटसने काढलेला तोडगा मोटारींच्या दुनियेत अजून हसत हसत सांगतात : त्यांनी गाडी 'खोलायच्या' सूचना दिल्या. गिऱ्हाइकाने त्या खालून वर वाचायच्या! १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ही पळवाट बंद झाली.

हा किस्सा मला नुसता गंमत म्हणून आवडत नाही. सरकारने पाना विकायला बंदी केली नव्हती, नटबोल्ट विकायला बंदी केली नव्हती. बंदी होती ती *माहिती* द्यायला. गाडी कोण जोडू शकेल हे औजारांवरून नाही तर कागदावरून ठरत होतं. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

आता दुसरं पात्र. जॉन हेन्स. जन्म १९३८ चा, तोही सिलोनमधला. लहानपण चहाच्या मळ्यावर गेलेलं. इंग्लंडमध्ये शाळेत असताना या पठ्ठ्याने ऑस्टिन सेव्हनची स्पेशल बांधली, आणि ती कशी बांधली याची एक पुस्तिका १९५६ मध्ये स्वतःच काढली. अडीचशे प्रती दहा दिवसांत खपल्या. पुढे तो ब्रिटिश हवाई दलात गेला आणि १९६० च्या दशकाच्या मध्यात एडनला होता. तिथल्या एका सहकाऱ्याने जुनी ऑस्टिन-हीली स्प्राईट घेतली. ही १९५८ साली आलेली छोटी स्पोर्ट्स कार, बॉनेटवर बेडकासारखे डोळे वर आलेले, म्हणून तिचं लाडकं नावच 'फ्रॉगआय'. गाडीची अवस्था वाईट होती, तेव्हा हेन्सला मदतीला बोलावलं. हेन्सने कंपनीचं अधिकृत मॅन्युअल उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की हे साध्या गाडीमालकाच्या काही कामाचं नाही. ते प्रशिक्षित मेकॅनिकसाठी, कंपनीची खास औजारं हाताशी आहेत असं धरून लिहिलेलं.

मग त्याने काय केलं, तर कॅमेरा घेतला. इंजिन पूर्ण खोललं, पुन्हा जोडलं, आणि प्रत्येक पायरीचा फोटो काढला. त्यातून १९६६ मध्ये पहिलं हेन्स मॅन्युअल निघालं. तीन हजार प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या. पुढच्या पन्नासेक वर्षांत जगभर वीस कोटींच्या वर हेन्स मॅन्युअल्स विकली गेली. एवढ्या मोठ्या धंद्याचं बीज काय, तर एका माणसाने काम करता करता ते *डॉक्युमेंट* केलं. आपल्या क्षेत्रात डॉक्युमेंटेशन लिहायचं म्हटलं की सगळे खिडकीबाहेर बघायला लागतात, त्यांनी हेन्सचा फोटो क्युबिकलमध्ये लावावा असं माझं प्रामाणिक मत आहे. :)

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "काय ते दिवस होते, लोक आपल्या गाड्या आपण दुरुस्त करायचे" असे उसासे टाकणारे लोक एक गोष्ट सांगत नाहीत. त्या गाड्यांना सारखी दुरुस्ती *लागायची*. इग्निशनचे पॉइंट घासा, फिलर गेज घालून टॅपेट सेट करा, प्लग काढून साफ करा, दोन कार्बोरेटर एकमेकांशी जुळवा, स्टिअरिंगच्या सांध्यांना दर हजार-दोन हजार मैलांवर ग्रीस मारा. आपल्याकडे ज्यांच्या घरी जुनी फियाट किंवा अँबेसिडर होती त्यांना रविवार सकाळचा हा कार्यक्रम चांगला आठवत असेल. ती हौस कमी आणि नाइलाज जास्त होता. आज माझ्या गाडीचे प्लग लाखभर किलोमीटर विचारत नाहीत. हा फायदा आहे, आणि तो कमी लेखायचं कारण नाही.

हा फायदा आला कुठून? तर चक्क प्रदूषणातून. लॉस एंजेलिसचं आकाश धुरकटलं, कॅलिफोर्नियाने नियम केले, आणि १९७० मध्ये अमेरिकेत क्लीन एअर ॲक्ट कडक झाला. १९७५ च्या मॉडेलांपासून तिथल्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागू लागले. यातल्या 'थ्री-वे' प्रकाराची एक अट असते : हवा आणि पेट्रोल यांचं वजनी प्रमाण १४.७ ला १ याच्या अगदी जवळपास राहिलं पाहिजे. थोडं इकडेतिकडे झालं की तो तीनपैकी एखादा वायू तरी नीट साफ करत नाही. कार्बोरेटर हे बिचारं छिद्रं आणि स्प्रिंगा यांचं यंत्र. थंडीत, घाटात, ट्रॅफिकमध्ये सगळीकडे एवढा काटेकोरपणा त्याला झेपणं शक्यच नव्हतं. मग एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला (व्होल्व्होने तो १९७६ मध्ये गाडीत बसवला), सेन्सर वाचून पेट्रोलचं प्रमाण क्षणाक्षणाला बदलणारा कॉम्प्युटर आला, आणि कार्बोरेटरचा जमाना संपला.

म्हणजे बॉनेटखाली कॉम्प्युटर आला तो तुम्हा-आम्हाला बाहेर ठेवायला नाही. तो एक खराखुरा प्रश्न सोडवायला आला. गाडी *अवघड* झाली, पण त्यामागे सबळ कारण होतं.

आणि गंमत बघा, त्याच प्रदूषणाच्या कायद्याने एक दारही उघडं ठेवलं. कॅलिफोर्नियाचं म्हणणं असं की गाडीत प्रदूषण रोखणारी यंत्रणा बसवलीत, ठीक, पण ती बिघडली हे मालकाला कळणार कसं? म्हणून १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करायची आणि डॅशबोर्डवर दिवा लावायचा असा नियम आला. पण प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, कोड वेगळे. म्हणून पुढची आवृत्ती आली, ओबीडी-टू. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये स्टिअरिंगच्या खालच्या भागात सोळा पिनांचं एकाच आकाराचं सॉकेट असणं सक्तीचं झालं. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, आणि आपल्याकडे बीएस-४ च्या काळात. प्रदूषणाशी संबंधित बिघाडांचे कोडही सगळ्यांना सारखेच. आपल्या भाषेत सांगायचं तर सरकारने वाहन कंपन्यांकडून एक पब्लिक एपीआय जबरदस्तीने लिहून घेतला!

याचा उपयोग किती सरळ आहे ते सांगतो. माझ्या दोन सीटच्या, उघड्या छताच्या गाडीचा इंजिनचा दिवा एकदा लागला आणि ती थांबल्यावर थरथरायला लागली. सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये एक ब्लूटूथचं खोबणं लावलं, फोनवर ॲप उघडलं. कोड आला 'पी ०३०१'. यातला पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग, ० म्हणजे सर्व कंपन्यांना समान कोड, ३ म्हणजे इग्निशनचा गट, आणि शेवटचं ०१ म्हणजे पहिला सिलिंडर. थोडक्यात, पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. आता दोष प्लगचा, कॉईलचा की इंजेक्टरचा? पहिल्या सिलिंडरची कॉईल काढून दुसऱ्यावर बसवली, दुसऱ्याची पहिल्यावर. कोड पुसला, गाडी फिरवून आणली. नवा कोड : 'पी ०३०२'. दोष कॉईलबरोबर सरकला, म्हणजे आरोपी कॉईलच. नवी कॉईल, एक बोल्ट, दहा मिनिटं. याला आपण ऑफिसात डीबगिंग म्हणतो आणि त्याचा पगार घेतो. ॲस्टनचं इंजिन असो की मारुतीचं, तर्क हाच.

(जाता जाता : हे स्वस्त खोबणं एवढं स्वस्त का? तर एका छोट्या कॅनेडियन कंपनीने यासाठी ईएलएम ३२७ नावाची चिप काढली, आणि तिच्या पहिल्या आवृत्तीत कॉपी-प्रोटेक्शन चालू केलेलंच नव्हतं. त्याच्या नकला जगभर पसरल्या. त्या कंपनीचं नुकसान झालं हे वाईटच, पण जगभरच्या हौशी लोकांच्या हातात स्कॅनर आला तो त्यामुळे.)

इथवर सगळं छान आहे. मग 'पण' कुठे आला?

ओबीडी-टूची सक्ती प्रदूषणापुरती होती. एअरबॅग, ब्रेक, गिअरबॉक्सचं आतलं डोकं, दरवाजे, सीट हे सगळं त्या करारातून बाहेर. आणि नेमक्या त्याच काळात गाडीतले सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला लागले. बॉशने कॅन बस १९८६ मध्ये जाहीर केली होती. १९९० च्या दशकात ती महागड्या गाड्यांत आली आणि मग सगळीकडे. त्यानंतर पाना पुरेसा होईना. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांत नवी बॅटरी बसवली की गाडीला ते 'सांगावं' लागतं, कारण गाडी बॅटरीच्या वयानुसार चार्जिंग बदलते. इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या गाडीत मागचे पॅड बदलायचे तर आधी कॅलिपरची मोटर मागे घ्यायचा आदेश द्यावा लागतो. काही गाड्यांत तो आदेश बटणं ठराविक क्रमाने दाबून देता येतो, काहींत डीलरचंच यंत्र लागतं. यांत्रिक काम तेच, अर्ध्या तासाचं. फरक फक्त आदेश कोण देऊ शकतो याचा.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. *अवघड* आणि *बंद* या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांची सारखी गल्लत करतो.

फेरारीचं उदाहरण घ्या. १९९४ ला आलेल्या एफ ३५५ मध्ये टायमिंग बेल्ट बदलायला आख्खं इंजिन गाडीतून खाली उतरवावं लागायचं. बेल्ट रबराचा, त्यामुळे गाडी नुसती उभी असली तरी काही वर्षांनी तो बदलायलाच हवा. १९९९ च्या ३६० मोडेनात फेरारीने सीटच्या मागे एक झाकण दिलं, ते उघडून बेल्ट गाडीतल्या गाडीत बदलता येऊ लागला. २००४ च्या एफ ४३० मध्ये बेल्टच काढून चेन घातली. दहा वर्षांत तेच काम महाकाय ते किरकोळ ते नाहीसं झालं, आणि गाड्या मात्र वेगवानच होत गेल्या. म्हणजे अवघडपणासुद्धा काही निसर्गाचा नियम नाही. तो ड्रॉईंग बोर्डवरचा निर्णय असतो, आणि मनात आणलं तर बदलता येतो.

दुसरं उदाहरण पोर्शचं. १९९६ ला आलेल्या बॉक्स्टरचं इंजिन मध्यभागी असं दडवलेलं की मालकाला ते सहजासहजी दिसतच नाही. मागच्या डिकीत ऑईल आणि कूलंट ओतायची तोंडं तेवढी दिसतात. त्या इंजिनात, आणि त्या काळच्या ९११ च्या इंजिनात, इंटरमीजिएट शाफ्टचं एक बेअरिंग होतं. ते काही गाड्यांमध्ये बसायचं आणि बरोबर इंजिनही घेऊन जायचं. अमेरिकेत त्यावर सामूहिक खटला झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. कंपनीच्या लेखी ते बेअरिंग वेगळा सुटा भाग नव्हताच. मग अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने गिअरबॉक्स उतरवून, इंजिन न फोडता बसवता येईल असं बेअरिंग आणि ते काढायची औजारं तयार केली. मालकांनी पायऱ्यांचे फोटो काढले, लिहून ठेवले, एकमेकांना दिले. अवघड काम होतं, आजही आहे. पण बंद नव्हतं, म्हणून सुटलं. हेन्सने एडनमध्ये केलं तेच, काही दशकांनी.

आता बंद म्हणजे काय ते बघू. २००७ ला आलेल्या निस्सान जीटी-आरमध्ये जपानपुरती अशी सोय होती की ताशी १८० किलोमीटरची मर्यादा उठवायची तर गाडी आधी जीपीएसवरून बघणार की आपण रेस ट्रॅकवर आहोत का. विकत घेतलेली गाडी मालकाला विचारते, "कुठे आहात?" २०२० च्या मॉडेलपासून शेवरोले कॉर्व्हेटचं इंजिन मागे गेलं आणि तिला नवा आठ गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स मिळाला. त्याचा फिल्टर बाहेरून फिरवून काढता येतो, घरीही बदलता येईल असा. पण गिअरबॉक्सच्या पोटात बिघाड झाला तर सुरुवातीच्या काळात खुद्द डीलरलाही तो उघडायची मुभा नव्हती, आख्खाच बदलायचा. विरोधाभास म्हणजे याच कंपनीने त्याआधी दहा वर्षं, २०११ च्या कॉर्व्हेटच्या वरच्या दोन मॉडेलांसाठी, एक योजना काढली होती : मिशिगनमधल्या कारखान्यात या, आमच्या कारागिराबरोबर उभे राहा, आणि आपल्या गाडीचं इंजिन आपल्या हातांनी जोडा. वर ५,८०० डॉलर मोजा! आपल्या गाडीच्या इंजिनाला हात लावण्यात केवढं सुख आहे हे कंपन्यांना अगदी नीट माहीत आहे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती माझ्याच धंद्याची आहे. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघा संशोधकांनी हायवेवर धावणारी एक जीप घरबसल्या, मोबाईल नेटवर्कवरून ताब्यात घेऊन दाखवली. चौदा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर त्या कंपनीने २०१८ च्या आसपासच्या मॉडेलांपासून सॉकेट आणि बाकीची गाडी यांच्यामध्ये एक 'गेटवे' बसवला. कोड वाचायला परवानगी, पण काही लिहायचं किंवा आदेश द्यायचा तर अधिकृत सही लागणार. त्या टीममध्ये मी असतो तर मीही गेटवेच सुचवला असता. ब्रेक आणि इंटरनेट यांच्यामध्ये दार नसणं हा वेडेपणा आहे. प्रश्न दार असावं की नाही हा नाहीच. प्रश्न किल्ली कोणाकडे हा आहे. मी घर घेतलं आणि बिल्डरने सुरक्षेसाठी भक्कम कुलूप लावलं, तर मी त्याचे आभारच मानेन. पण किल्ली त्याने स्वतःकडेच ठेवली आणि नळ दुरुस्त करायलाही त्याचाच प्लंबर यायला हवा म्हणाला, तर त्याला सुरक्षा म्हणत नाहीत.

या किल्लीसाठीची भांडणं कोर्टात आणि मतपेटीत झाली आहेत. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा सांगतो की आमचाच पार्ट वापरा, आमच्याकडेच सर्व्हिसिंग करा, नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट कंपनीला घालता येत नाही. (मला एका सर्व्हिस काउंटरवर "घरी ऑईल बदललंत तर वॉरंटी गेली" असं ठणकावून सांगितलं होतं. मी कायद्याचं नाव घेतलं, तेव्हा "तसं नाही, पावत्या ठेवा म्हणजे झालं" यावर आले. पावत्या मात्र खरंच ठेवा.) १९९८ च्या डिजिटल कॉपीराईट कायद्याने सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणं हाच गुन्हा ठरवला, मग २०१५ मध्ये आपल्याच गाडीच्या दुरुस्तीसाठी त्यातून सवलत मिळवावी लागली, आणि २०१८ मध्ये ती वाढवून घ्यावी लागली. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात 'राईट टू रिपेअर'वर सार्वमत झालं, ८५ टक्क्यांहून जास्त लोक बाजूने. २०१४ मध्ये कंपन्यांनी देशभरासाठी करार केला, आणि आज बऱ्याच कंपन्यांच्या साईटवर एक-दोन दिवसांची वर्गणी भरून कोणीही अधिकृत मॅन्युअल वाचू शकतो. २०२० मध्ये त्याच राज्यात पुन्हा मतदान झालं, कारण आता माहिती सॉकेटमधून नाही तर हवेतून थेट कंपनीच्या सर्व्हरवर जायला लागली होती. पुन्हा सुमारे ७५ टक्के लोक बाजूने, आणि पुन्हा कंपन्या कोर्टात.

हे सगळं तिकडचं, आपल्याला काय, असं वाटत असेल तर थांबा. भारतात ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांच्या वर दंड ठोठावला. आरोप काय, तर मूळ सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं, माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली नाही. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण आयोगाने मांडलेला मुद्दा तोच : कोपऱ्यावरचा गॅरेजवाला कमी हुशार नाही, त्याला माहिती मिळत नाही. २०२२ मध्ये केंद्राने 'राईट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि पोर्टलही काढलं, त्यात वाहनं हे चारातलं एक क्षेत्र आहे. तुम्ही स्वतः आयुष्यात पाना उचलणार नसाल तरी हे भांडण तुमचं आहे. मालकाला जे दार बंद, ते तुमच्या गॅरेजवाल्यालाही बंदच असतं.

मग आजच्या स्पोर्ट्स कारचं काम घरी करता येतं का? येतं. ऑईल, फिल्टर, प्लग, कॉईल, ब्रेक पॅड, ब्रेक ऑईल, चाकं हे बहुतेक गाड्यांमध्ये आजही पान्याचंच काम आहे. पथ्यं दोन-तीनच : नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, स्टँड लावा. ॲल्युमिनियमच्या भागात बोल्ट आधी हाताने फिरवा आणि शेवट टॉर्क रेंचनेच करा, नाहीतर आटे जातील. आणि गाडी घेण्याआधी तीन प्रश्न विचारा : हिचं मॅन्युअल मला वाचायला मिळेल का, हिचे सुटे भाग डीलरशिवाय मिळतात का, आणि मागचे ब्रेक पॅड बदलायला कोणाची परवानगी लागते? अश्वशक्तीचा आकडा दोन महिन्यांत सवयीचा होतो, या उत्तरांबरोबर मात्र दहा वर्षं काढायची असतात.

जॉन हेन्स २०१९ मध्ये गेले. २०२० च्या शेवटी त्यांच्या कंपनीने जाहीर केलं की नव्या मॉडेलांसाठी छापील मॅन्युअल यापुढे निघणार नाहीत. कागद गेला याचं मला फार दुःख नाही. व्हिडिओ आणि ऑनलाईन मॅन्युअल त्याहून चांगलं काम करतात. पण हेन्स गाडी खोलू शकले कारण ती *खोलता येत होती*. पुढच्या हेन्सने कॅमेरा लावला आणि समोर "ॲक्सेस डिनाइड" आलं, तर तो फोटो कसले काढणार?

आणि शेवटचं, थोडं घरचं. तो गेटवे, ती सही, ती बॅटरीची नोंदणी, हा कोड कोणीतरी लिहितं. पुण्यात आणि बंगळूरला गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारे हजारो लोक आहेत, त्यातले काही हे वाचत असतील. तुमच्यासमोर कधीतरी एक साधी रिक्वायरमेंट येईल : 'सर्व्हिस मोड फक्त अधिकृत टूलला उपलब्ध असावा.' दोन ओळींचं काम, शुक्रवारी संध्याकाळी चेक-इन होऊन जाईल. त्याआधी मीटिंगमध्ये एवढंच विचारा, "मालकाला द्यायला काय हरकत आहे?" कधी खरंच हरकत असेल, आणि ती तुम्हाला पटेलही. पण बऱ्याचदा समोरच्याकडे उत्तर नसतं, कारण तो प्रश्न तोवर कोणी विचारलेलाच नसतो.